पाणमोट सतराव्या आठवड्यात फुटली तेव्हा

बेळगाव म्हटलं की आम्हा फौजी माणसांच्या डोळ्यांसमोर मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर उभं राहतं. आयर्लंडमध्ये मात्र बेळगावचं नाव पोहोचलं ते निराळ्याच कारणाने. आज त्या गावच्या एका लेकीची गोष्ट सांगणार आहे. यात लढाई नाही, किल्ला नाही. तरी माझ्या लेखी हा इतिहासच आहे, कारण एका बाईच्या मरणानंतर एका देशाला आपली राज्यघटना बदलावी लागली.

सविता हलप्पनवार. माहेर बेळगावचं, घर कानडी, शिक्षणाने दंतवैद्य, वय ३१. नवऱ्यासोबत आयर्लंडच्या गॉलवे शहरात राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२, रविवार. सतरावा आठवडा चालू असताना पाठदुखी सुरू झाली म्हणून ती तिथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये गेली. गर्भ टिकणार नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना कळलं. मध्यरात्र उलटल्यावर पाणमोट फुटली.

आपल्या आज्या म्हणायच्या, 'पाणी गेलं'. नऊ महिने भरल्यावर पाणी गेलं तर ती बाळंतपणाची वर्दी. सतराव्या आठवड्यात गेलं तर गोष्ट फार वेगळी. गर्भजलाशिवाय बाळाची फुप्फुसं नीट वाढत नाहीत, आणि इतक्या लहान जिवाला बाहेर जगवण्याचं साधन आजही कुणाकडे नाही. दुसरं म्हणजे ती पिशवी तटबंदीचं काम करत असते. तटाला भगदाड पडलं की खालचे जंतू वर गर्भाशयात शिरतात, तिथून रक्तात. तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं तर डॉक्टरांच्या हाती शस्त्रं असतात: बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि अँटिबायोटिक्स. ती इंजेक्शनं न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांची देणगी. त्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. सतराव्या आठवड्यात मात्र ती शस्त्रं बाळाला वाचवू शकत नाहीत. तिथे वाचवायची असते ती आई.

सविताने आणि तिच्या नवऱ्याने विचारलं, बाळ जगणार नाही तर गर्भ काढून टाका ना. उत्तर मिळालं की बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, कायदा परवानगी देत नाही. 'हा कॅथलिक देश आहे' हे शब्दही तिच्या कानावर पडले. तसं बोलल्याचं एका सुईणीने पुढे मृत्यूच्या चौकशीत मान्य केलं. सविता हिंदू होती, पण नियम सगळ्यांना तोच.

तो नियम काय होता? १९८३ साली आयर्लंडच्या घटनेत आठवी दुरुस्ती झाली. आई आणि गर्भ, दोघांच्या जगण्याचा हक्क समान. पुढे १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तर गर्भपात चालेल. पण धोका नेमका कधी 'मोठा' झाला म्हणायचं? ते सांगणारा कायदा संसदेने वीस वर्षं केलाच नाही. चूक ठरली तर डॉक्टर तुरुंगात. फौजेत आम्ही अशा हुकमाला घाबरायचो. स्पष्ट 'करू नका' परवडतं. 'वेळ आली की करा, पण वेळ आली का ते तुम्हीच ठरवा, चुकलात तर कोर्ट मार्शल' असा हुकूम असला की चांगला अधिकारीसुद्धा खंदकात बसून राहतो.

पण सगळं खापर कायद्यावर फोडणं मला पटत नाही. भरती झाली त्या दिवशीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. तो रिपोर्ट कुणी पाठपुरावा करून पाहिला नाही. पाणी गेल्यावर नाडी, ताप दर चार तासांनी पाहायचा असतो, तोही नीट पाहिला गेला नाही. बुधवारी, २४ तारखेला पहाटे ताप चढला, नाडी १६० वर गेली. त्याच दुपारी गर्भ आपोआप पडला, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. २८ ऑक्टोबरला सविता गेली. सरकारी देखरेख संस्थेने पुढे तेरा हुकलेल्या संधी मोजल्या. तेरा! पहाऱ्यावरचा संत्री एकदा डुलकी घेतो, ते समजू शकतो. इथे ड्यूटी बदलत गेली आणि एका पाळीची खबर दुसरीला मिळाली नाही.

१४ नोव्हेंबरला 'आयरिश टाइम्स'ने बातमी छापली. आपल्याकडे आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. डब्लिनमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले.

आपल्याकडे काय होतं? १९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यातून १९७१ चा गर्भपात कायदा आला. चोरून गर्भपात करताना मरणाऱ्या बायका हे त्यामागचं मोठं कारण. त्या कायद्याने सतराव्या आठवड्यात दोन डॉक्टरांचं मत पुरे होतं. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर एकाचंही. म्हणजे जी परवानगी बेळगावात मिळाली असती, ती गॉलवेत मिळाली नाही. प्रगत देश म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहतो, त्यांच्याबद्दल हे लक्षात ठेवावं. अर्थात कायदा कागदावर चांगला असून भागत नाही. आपल्या कितीतरी तालुक्यांत रात्री दोन वाजता तो वापरणारा डॉक्टर जागेवर नसतो, तेव्हा छाती फुगवायचं कारण नाही.

आयर्लंडने २०१३ मध्ये तुटपुंजा कायदा केला. त्याच वर्षी प्रसूती विभागांसाठी नवा तक्ता आला. नाडी, ताप, श्वास यांचे आकडे ठरलेल्या रेषेबाहेर गेले की वरिष्ठांना बोलवायचंच. मला विचाराल तर या तक्त्याचं मोल घटनादुरुस्तीपेक्षा कमी नाही.

२५ मे २०१८ ला सार्वमत झालं. मतदानाआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना 'होय' म्हणण्याचं आवाहन केलं होतं. ६६.४ टक्के लोक 'होय' म्हणाले आणि आठवी दुरुस्ती रद्द झाली. त्या दिवसांत डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र रंगवलेलं होतं. मत देऊन आलेली माणसं तिथे थांबायची आणि चिठ्ठ्या चिकटवून जायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितलेली होती.