आरंभाचा प्रश्न : फॅरडेचे सोने आणि गवती चहा

वाङ्मयेतिहासात 'पहिले' कोण, हा वाद आपल्याला नवा नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ला (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी म्हणायचे की नाही, याच्या उत्तरात कादंबरीची आपली व्याख्याच दडलेली असते. विज्ञानाच्या इतिहासालाही हे लागू पडते असे आम्हांस वाटते. नॅनोतंत्रज्ञानाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

प्रचलित कथन असे : २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात एक व्याख्यान दिले आणि अणू एकेक करून हवे तेथे मांडता येतील, ही कल्पना मांडली. १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द वापरला. १९८१ मध्ये झुरिक येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी पृष्ठभागावरील अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक घडवला. त्याबद्दल १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भाकीत, नामकरण, सिद्धी अशी ही रेखीव कथा आहे. मात्र त्या व्याख्यानाला आद्यत्वाचा मान बऱ्याच उशिरा, हे क्षेत्र नावारूपाला येऊ लागल्यावर मिळाला. या कथेचा नायक पदार्थावर हुकमत गाजवणारा मनुष्य आहे.

आरंभ शंभर वर्षे मागे नेला, तर कथा बदलते. 'यमुनापर्यटन'च्याच वर्षी, १८५७ मध्ये, मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याविषयीचे आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मिळवला. त्यात सोनेच अतिसूक्ष्म कणांच्या रूपात आहे, हे त्यांनी ओळखले. कण दिसत नव्हते. पण द्रवातून प्रकाशझोत सोडला की त्याचा मार्ग उजळून निघे. मात्र हा फॉस्फरस ज्यात विरघळवला होता, तो कार्बन डायसल्फाइड विषारी आणि ज्वालाग्राही आहे. कण कशाने घडवायचे, हा प्रश्न तेव्हापासूनच या संशोधनाच्या पोटात आहे.

त्याचे एक उत्तर पुण्यात शोधले गेले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये दाखवून दिले की, गवती चहाच्या जातकुळीतील गवताच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला, तर साध्या तापमानालाच सोन्याचे चपटे त्रिकोणी सूक्ष्मकण तयार होतात. याच गटाने कडुनिंबाच्या पानांचा आणि बुरशीचाही असाच उपयोग करून पाहिला. पुढे जगभर फोफावलेल्या 'हरित संश्लेषणा'च्या आरंभीच्या कामांत या संशोधनाची गणना होते.

तथापि 'हरित' या विशेषणापाशी समीक्षकाने थबकले पाहिजे. अर्क पानांचा असला तरी सोने खाणीतूनच येते; म्हणजे विशेषण शेवटच्या पायरीचे आहे, संपूर्ण प्रक्रियेचे नव्हे. शिवाय कण घडले कसे, याइतकाच ते पुढे जातात कोठे, हाही प्रश्न आहे. टाटा स्वच्छ हा २००९ साली बाजारात आलेला जलशुद्धीकारक विजेविना चालत असे. भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे सूक्ष्मकण हे त्याचे मर्म. टाकाऊ तुसाचा याहून चांगला उपयोग क्वचितच सुचेल. पण जी चांदी पाण्यातील जिवाणू मारते, ती नदीत पोहोचली तर तेथील उपकारक जिवाणूंना वगळत नाही. रॉयल सोसायटी व रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांच्या २००४ च्याच अहवालाने, पुरेशी माहिती हाती येईपर्यंत मोकळे सूक्ष्मकण पर्यावरणात जाणे शक्य तितके टाळावे, असे सुचवले होते.

फाइनमनपासून आरंभ केला, तर यशाचा निकष 'किती लहान' एवढाच उरतो. फॅरडेपासून केला, तर 'कशातून, कशाने आणि शेवटी कोठे' हे तीन प्रश्न पुढे येतात. शाश्वत भविष्याची भाषा या तीन प्रश्नांविना केली जाते, तेव्हा ती जाहिरातीची भाषा होते. असा शब्द पारखून घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. ते प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.