पडवीतल्या भावाचा वाटा



मालवण किनाऱ्यावरच्या जुन्या घरात वाटपाचा दिवस म्हणजे मोठ्या कसोटीचा दिवस. माडांची बाग, विहिरीचे पाणी, घराची पडवी, साऱ्यांचे वाटे पडतात. त्याच पडवीच्या कोपऱ्यात कोणाशी न बोलता आपल्याच तंद्रीत बसलेल्या भावाचे काय, हे मात्र मोठ्याने कोणी विचारीत नसे. गावाने त्याला ‘खुळो’ म्हणून सोडून दिलेले असे. आज आपण ज्यांना स्वमग्न म्हणतो, तेही याच नावाखाली गेले असावेत. त्यांच्या हक्कांचा इतिहास मी वाटपाच्या अंगाने सांगणार आहे; कारण कायदा कोणाला माणूस मानतो, हे वाटपात चटकन उघडे पडते.

याज्ञवल्क्यस्मृतीने उन्मत्त, जड, अंध, पंगू अशांना दोन विशेषणे लावली : भर्तव्य आणि निरंशक. त्यांना पोसावे, पण वाटा देऊ नये. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका आपल्याकडे प्रमाण होती, आणि इंग्रजी न्यायालयांनीही तिचाच आधार घेतला. यात दया नव्हती असे नाही. पण हक्क काढून घेऊन केलेली दया पोसणाऱ्याच्या मर्जीवर जगते. आईबाप गेल्यावर ती मर्जी किती टिकेल, हे कोणी सांगावे?

१९१२ च्या कायद्याने जन्मजात मतिमंद आणि वेड लागलेला माणूस एकाच शब्दात बसवले. त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि रत्नागिरीस १८८६ पासून वेड्यांचे इस्पितळ होते. १९२८ साली व्यंगामुळे वारसा बुडू नये असा कायदा झाला खरा. पण जन्मतः वेडा किंवा जड असलेल्याला त्याने बाहेरच ठेवले. नेमका आपला पडवीतला भाऊ! त्याच्यापुढचे दार उघडले ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने.

वाटा मिळाला, तरी नाव मिळाले नव्हते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था वेगळी ओळखली. आपल्या १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ती नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचे काम दिले. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा, असे बंधनही घातले. ‘आमच्यामागे याचे काय?’ या आईबापांच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे पहिले सरळ उत्तर होय.

पण पालक बोलू लागला की ज्याचा वाटा तोच गप्प होतो. म्हणून २०१६ च्या कायद्याचे मोल मोठे. त्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. १३ वे कलम अशा व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने घेण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते. मदतनीसाचा स्वार्थ आड येत असेल तर त्या व्यवहारात त्याने मदत करू नये, असे बजावते. १४ व्या कलमातला मर्यादित पालक एकट्याने ठरवीत नाही. तो त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे, तिच्यासह निर्णय घेतो.

तेव्हा पुढच्या वाटपाला पडवीतल्या भावाला बैठकीत बसवा. त्याचे नाव सातबाऱ्यावर येऊ द्या, आणि कोणते माड त्याला हवेत हे त्यालाच विचारा. शब्दांत सांगता आले नाही, तर तो बोटाने दाखवील. थोडा वेळ लागेल. पण शेकडो वर्षे थांबलेल्या माणसासाठी तेवढा वेळ आपण थांबायला हरकत नाही.