आरमाराची शिदोरी

आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा येतात. पण तोफा रणक्षेत्रापर्यंत पोचवायला इंधन लागते. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियाचे बाल्टिक आरमार जपानशी लढायला निघाले. प्रवास सुमारे ३३,००० किलोमीटरचा आणि वाटेत रशियाचे एकही बंदर नाही. ब्रिटन जपानचा मित्र, म्हणून त्याच्या बंदरांत कोळसा मिळणार नव्हता. अखेर एका जर्मन कंपनीची कोळसावाहू जहाजे भाड्याने घ्यावी लागली.

पुढचा कोळसा कधी मिळेल याची खात्री नसल्याने खलाशांनी पोत्यांमधून आणलेला कोळसा डेकवर आणि राहायच्या खोल्यांतही भरला. आर्किमिडीजचे तत्त्व आपण वर्गात शिकवतोच. वजन वाढले की जहाज अधिक पाणी बाजूला सारते, म्हणजेच अधिक खोल बुडते. या युद्धनौकांच्या बाजूंचे जाड चिलखत त्यामुळे बरेचसे पाण्याखाली गेले. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियाचा दारुण पराभव झाला. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली. १९१७ मध्ये अमेरिकेच्या ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजाने भर अटलांटिक महासागरात नळीवाटे विनाशिकांना तेल पुरवले.

युद्धांचा इतिहास शिकवताना आपण ‘कोण जिंकले?’ एवढेच विचारतो. ‘इंधन कोणी पुरवले?’ हेही विचारून पाहू या.