अनंत फंदींचा फड

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरील संगमनेरच्या कसब्यात 1744 साली जन्मलेल्या अनंत घोलपांना महाराष्ट्र अनंत फंदी या नावाने ओळखतो. परंतु आज छापील पानावरून वाचले जाणारे त्यांचे कवन मुळात चार वाद्यांच्या आधाराने फडात उभे राहणारे गायन होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाने जेवढी जपावयास हवी होती तेवढी जपली नाही, असे मला मनापासून वाटते.

त्या काळच्या फडाचा सरंजाम बेताचाच: ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज. तुणतुण्याला तार एकच. लाकडी नळकांड्याच्या तळाशी ताणलेल्या चामड्यातून ती दांडीपर्यंत नेलेली, आणि लहानशा काडीने ती अखंड छेडीत राहिले की शाहिराला सुराचा आधार मिळे. शाहिराने ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती चढत्या स्वरात उचलावी, आणि मधल्या जागेत ढोलकीवाल्याने जे वाजवावे ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसावे; म्हणून तेच कवन एका जत्रेत एका अंगाने तर दुसरीत निराळ्याच अंगाने रंगे. रिचर्ड रॉजर्स या अमेरिकन नाट्यसंगीतकाराचे एक पद जॉन कोल्ट्रेनने 1960 साली आपल्या चौघांच्या जॅझ संचात घेऊन तेरा मिनिटांहून अधिक विस्तारले, त्याचे आमच्या फडकऱ्यांना नवल वाटले नसते.

आख्यायिका अशी की, चौंडीच्या कन्या अहिल्याबाई होळकर, ज्यांचे नाव आता संगमनेरच्या जिल्ह्यास मिळाले आहे, यांनी तमाशाबद्दल बोल लावला आणि फंदींनी कीर्तनाची कास धरली. फटका रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. आणि त्यातला खडा उपदेश डफाच्या थापेवर जितका झणझणीत वाटतो तितकाच टाळमृदंगाच्या साथीत गंभीर होतो. चौंडीप्रमाणेच जामखेड तालुक्यात असलेल्या खर्ड्याच्या 1795 मधील लढाईवरही त्यांनी पोवाडा रचला. पुढे 1891 साली अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करून या परंपरेवर अपार उपकार केले, तरी छापखान्यात शब्द तेवढे पोहोचले. ठेका फडकऱ्यांच्या हातातच राहिला.

तो हात संगमनेराने सोडला नाही. कांताबाई सातारकर यांच्या फडाचे बिऱ्हाड याच गावी होते. तमाशात पेटी आली, पुढे विजेची वाद्येही आली, तरी ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडल्यावाचून गणाला आरंभ होत नाही. फंदींचा फटका पुन्हा डफ-तुणतुण्यावर चढवावयाचा झाला, तर त्यासाठी वादक परमुलखातून आणावे लागणार नाहीत.