दीड कोटीचा चढाईपटू महाग की स्वस्त?

म्हसळा : भातकापणी उरकली की म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यात गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. मातीतल्या या खेळात २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि खेळाडूंवर बोली लागू लागली. २०१८ च्या लिलावात प्रथमच बोलीने कोटीचा आकडा ओलांडला. तेव्हापासून महागड्या खेळाडूचा संघ हरला की ‘पैसे पाण्यात गेले’ हा शेरा ठरलेला. मात्र बोली अवाजवी होती की नाही, हे नुसत्या रकमेवरून कळत नाही. त्यासाठी काही निकष लावावे लागतात.

एकूण खर्चातील वाटा : लीगमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते. २०१९ मध्ये ती ४ कोटी ४० लाख रुपये होती. त्या वर्षी तेलुगू टायटन्सने कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतले. म्हणजे जवळपास ३३ टक्के रक्कम एकट्यावर. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये नव्या करारात खेळाडूला अनुभवानुसार वेतनमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांपर्यंतच वेतन देता येते. २०२३ मध्ये टायटन्सनेच पवन सेहरावतसाठी ५ कोटींपैकी २ कोटी ६० लाख ५० हजार, म्हणजे ५२ टक्के मोजले.

मोबदल्यात मिळालेला खेळ : २०१८ मध्ये यू मुंबाने सिद्धार्थला ३६ लाख ४० हजारांना घेतले होते. त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. एक गुण साधारण १६ हजार ७०० रुपयांना पडला. पुढच्या वर्षी टायटन्सकडून २२ सामन्यांत २१७ गुण झाले. पण एका गुणाचा भाव ६६ हजार ८०० रुपयांवर गेला. खेळाडू तोच, खेळही तोच. बदलली ती किंमत. यू मुंबाने नवख्याची किंमत मोजली होती, टायटन्सने सिद्ध झालेल्या खेळाडूची.

उरलेल्या पैशांतील संघ : बचावपटू ढिले असतील, तर एकट्या चढाईपटूचे गुण अपुरे पडतात. सिद्धार्थच्या २१७ गुणांनंतरही २०१९ मध्ये टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले. पवनने दोनशेहून अधिक गुण मिळवलेल्या दहाव्या हंगामात संघ २२ पैकी दोनच सामने जिंकला. त्याच हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख, म्हणजे ४७ टक्के खर्च केले आणि विजेतेपद पटकावले. अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते हे तरुण खेळाडू पुण्याने आधीपासून जपले होते. मोठी बोली पेलण्यास असा पाया लागतो.

निर्णयाच्या वेळची माहिती : २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलेला पवन पहिल्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. हा तोटा खरा. पण त्यावरून बोली चुकीची ठरत नाही. जुनी दुखापत ठाऊक असूनही मोठी रक्कम मोजली असती, तर दोष संघ व्यवस्थापनाचा ठरला असता.

खेळाडूच्या दृष्टीने हा हिशेब अधिक कठोर आहे. २०२१ मध्ये टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ३० लाखांना राखले. दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला आणि २०२२ मध्ये त्याची बोली २० लाखांवर आली. २०२३ मध्ये हरयाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी मोजले. बोली लावतो संघ, पण ‘महाग’ हा शिक्का बसतो खेळाडूवर. लिलावाच्या आकड्यांकडे पाहून मैदानात उतरणाऱ्या रायगडच्या मुलांनी ध्यानात ठेवावे, की कोटीचा भाव एखाद्या हंगामापुरता असतो. शिक्षण किंवा नोकरीचा आधार मात्र त्यानंतरही लागतो.