दोन ओळींमधली जागा

मराठीतून स्लाइड दाखवत बोलण्याची पद्धत आता ग्रामसभेपासून पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेपर्यंत पोचली आहे. रंग कोणते घ्यावेत, चित्रे किती टाकावीत, यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दोन ओळींत जागा किती सोडावी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती संगणकाने सोडलेली असते आणि आपण ती मुकाट्याने स्वीकारलेली असते. एवढ्याशा गोष्टीसाठी पुस्तिका कशाला, असे तुमच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

माझे मत बदलले ते एका वहीमुळे. कामगार चळवळीवर एका वर्गात बोलायचे होते. आदल्या रात्री एका स्लाइडमध्ये दोन मुद्दे वाढवले; मजकूर चौकटीत मावला, म्हणून मी खूश. पुढे एका विद्यार्थिनीची वही चाळताना त्यात ‘मोचा’ हा शब्द दिसला. तिला वाटले, ही एखादी परिभाषा असेल. स्लाइड उघडून पाहिली, तर वरच्या ओळीतल्या ‘समूह’चा दीर्घ उकार नेमका खालच्या ‘मोर्चा’च्या रफारावर उतरला होता. रफार उकारात विरघळला आणि मोर्चाची कॉफी झाली.

हे घडते कसे, ते समजून घेण्याजोगे आहे. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या ऑफिस थीममध्ये मजकुराचे ओळअंतर ०.९ असते, म्हणजे फॉन्टच्या स्वाभाविक अंतराहून थोडे कमीच. मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला की ‘ऑटोफिट’ अक्षरे लहान करते आणि ओळअंतर आणखी दहा-वीस टक्क्यांनी आवळते. रोमन लिपीला हे बहुधा खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांचा एक मजला आणि अक्षरांच्या पायाशी उकार-ऋकारांचा दुसरा; शिवाय ‘ट्ट’, ‘द्ध’ यांसारखी खाली उतरणारी जोडाक्षरे. आपण जिला मोकळी जागा समजतो, तिथे आपली अर्धी बाराखडी राहते.

छापखान्यातल्या माणसांना हे सांगावे लागत नसे. ओळी जुळवताना जुळारी मध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवत. अंतर बोटांना कळत असे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने आपल्या वळणदार खिळ्यांनी देवनागरी छपाईचा मानदंडच घालून दिला. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. संगणकावर आपण वर्षानुवर्षे वापरलेला ‘मंगल’ हा फॉन्टही र. कृ. जोशी यांच्या हातचा. हा वारसा आपल्या घरातला आहे. पट्ट्या गेल्या, जुळारी गेले, आणि त्यांचे काम माउस धरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात न सांगता पडले, इतकेच.

एका बाबतीत वाचकांनी सावध राहावे. स्लाइडविषयीचा बराचसा सल्ला इंग्रजीतून येतो आणि त्यात अक्षरांमधले अंतर वाढवण्याची शिफारस असते. मराठीत तसे केले की शिरोरेखा तुटते आणि शब्द सुटलेल्या मण्यांसारखा विखुरतो. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८च्या निकषांतही हे भान दिसते. वाचकाने ओळअंतर अक्षराच्या दीडपट आणि अक्षरांमधले अंतर ०.१२ पट केले तरी मजकूर किंवा सोय हरवू नये, असे ते सांगतात. पण ज्या लिपीला यांपैकी एखादी गोष्ट लागूच होत नाही तिला तिथे सूट आहे. आपण मोकळीक द्यायची ती ओळींमध्ये. शब्दांतल्या जागेचीही एक गंमत आहे. मराठीत प्रत्यय आणि अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द अर्धी ओळ अडवतो. अशा मजकुराच्या दोन्ही कडा सरळ करायला गेलात, की उरलेल्या दोन-तीन शब्दांमध्ये खिंडारे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरे.

मग अंतर किती ठेवावे? नेमका आकडा या पुस्तिकेत मिळणार नाही, कारण एकच आकडा फॉन्टागणिक वेगळे अंतर देतो. त्याऐवजी एक परीक्षा सुचवतो. वरच्या ओळीत ‘मुद्द्यांमुळे’ आणि तिच्या खाली ‘कीर्तींनी’ हे शब्द चार-चार वेळा लिहा. ऑटोफिट बंद करा, ओळअंतराच्या पर्यायांत ‘मल्टिपल’ निवडा आणि आकडा थोडाथोडा वाढवत न्या. ‘र्तीं’वरचे रफार, वेलांटी आणि अनुस्वार वेगवेगळे दिसू लागले आणि वरच्या उकाराखाली पांढरी फट राहिली, की थांबा. मुद्द्यामुद्द्यांतले अंतर त्याहून थोडे जास्त ठेवा, नाहीतर कोणती ओळ कुठल्या मुद्द्याची ते समजत नाही. इतके करून मजकूर चौकटीत मावत नसेल, तर दुसरी स्लाइड घ्या. तिला कागद लागत नाही.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. मात्र सुरुवात करण्यापूर्वी तुमचा एखादा जुना स्लाइड-संच उघडा, प्रोजेक्टर लावा आणि खोलीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसा. चष्मा असेल तर एकदा काढूनही पाहा. मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी तो लावलेला नसतो.