तुओल स्लेंग वंशसंहार संग्रहालय

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथील, ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ जतन केलेला तुरुंग व संग्रहालय. शहराच्या दक्षिण भागातील दाट वस्तीत, ११३ क्रमांकाच्या रस्त्यावर, घरे आणि खानावळी यांच्या शेजारातच ते आहे. आसपासच्या लोकवस्तीत संग्रहालय सहज लपून जाते, आणि प्रथम येणाऱ्याला धक्का बसतो तो याचाच. मूळची ही शाळा. १९६० च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या तीन मजली इमारती, त्यांना लागून लांब व्हरांडे, मध्ये मोकळे मैदान, चाफ्याची आणि नारळाची झाडे. भिंतीवरची काटेरी तार नजरेआड केली, तर आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावचे हायस्कूलच वाटावे.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉट याच्या नेतृत्वाखालील ख्मेर रूज सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांतच सगळे शहर रिकामे करण्यात आले. रुग्णालयातील रोग्यांनाही रस्त्यावर काढले गेले. चलन, बाजार, शाळा, देवळे, टपाल हे सारे बंद करून लोकांना शेतांवर आणि कालव्यांच्या कामांवर जुंपण्यात आले. ही राजवट पावणेचार वर्षेही टिकली नाही. पण पाऊण कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशातील १५ ते २० लाख माणसे तेवढ्यात उपासमार, रोगराई, कष्ट आणि हत्या यांमुळे गेली. देशभर सुमारे २०० सुरक्षा तुरुंग होते. त्यांत थेट पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाच्या हुकमाखाली चालणारा तुरुंग म्हणजे ‘एस-२१’. ओस पडलेल्या शाळेच्या इमारतीत तो १९७६ मध्ये आला. त्याचा प्रमुख कैंग गुएक एव्ह ऊर्फ डुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता.

एस-२१ मध्ये आणलेल्यांपैकी फार मोठा भाग ख्मेर रूजच्याच कार्यकर्त्यांचा, सैनिकांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा होता, ही गोष्ट पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. सुरुवातीला लोन नोलच्या जुन्या सरकारातले अधिकारी आणि शिकलेली माणसे आली. मग पक्षात संशयाची लागण झाली आणि खुद्द मंत्र्यांपासून पहारेकऱ्यांपर्यंत सगळे त्यात सापडले. माहितीमंत्री हू निम येथेच मारला गेला. तुरुंगाचे कित्येक कर्मचारीही शेवटी त्याच कोठड्यांत गेले. व्हिएतनामी कैदी मोठ्या संख्येने होते. थोडे थाई, काही पाश्चात्त्य खलाशी व प्रवासी, आणि कैद्यांच्या यादीत भारतीय व पाकिस्तानी असे नोंदलेले काही जणही होते.

कामाची पद्धत ठरलेली होती. कैदी आला की त्याचा फोटो निघे, जीवनवृत्तांत लिहून घेतला जाई, मग पायांत बेड्या. नंतर मारहाण, विजेचे झटके, पाण्यात बुडवणे, आणि या सगळ्याच्या शेवटी कबुलीजबाब. शेतकऱ्याच्या पोरालाही आपण सीआयए, केजीबी किंवा व्हिएतनाम यांचे हेर आहोत असे लिहून द्यावे लागे, आणि साथीदारांची नावे द्यावी लागत. त्या नावांचीच पुढच्या अटकांसाठी यादी होई. डुच हे कागद वाचून समासात शेरे मारत असे. कबुलीजबाब पुरा झाला की कैद्याचे काम संपले. आरंभी प्रेते तुरुंगाच्या आसपासच पुरली गेली. पुढे रात्रीच्या वेळी कैद्यांना ट्रकमधून शहराबाहेर सुमारे १५ किमी.वर असलेल्या चेउंग एक येथे नेऊन मारण्यात येऊ लागले. एस-२१ मध्ये किती माणसे आणली गेली याचे अंदाज १२ हजारांपासून २० हजारांपर्यंत आहेत. डुचच्या खटल्यात न्यायालयाने याद्यांवरून किमान १२,२७२ बळी धरले. जिवंत राहिलेल्या प्रौढांची संख्या डझनाच्या घरात.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन्ह घेतले. हो व्हान ताय हा व्हिएतनामी युद्धछायाचित्रकार दुर्गंधीच्या मागोव्याने या आवारात पोचला. पहारेकरी पळून गेले होते आणि खाटांवर घाईघाईने मारलेल्या कैद्यांची प्रेते तशीच पडली होती. त्या १४ जणांच्या पांढऱ्या समाध्या मैदानात आहेत. त्यांची ओळख पटू शकली नाही.

आत शिरल्यावर पाहणीला सुरुवात होते ती ‘ए’ इमारतीपासून. वर्गाच्या मापाच्या खोल्या, चौकटीच्या फरश्या, आणि प्रत्येक खोलीत एकच लोखंडी खाट. खाटेवर बेडीचा दांडा आणि दारूगोळ्याची पत्र्याची पेटी. ही पेटी कैद्याने शौचासाठी वापरायची. भिंतीवर त्याच खोलीत सापडलेल्या प्रेताचा पुसट, मोठा केलेला कृष्णधवल फोटो. फारसा मजकूर नाही. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी ओबडधोबड म्हणावी लागेल, पण तिच्याइतके परिणामकारक दालन या संग्रहालयात दुसरे नाही. ‘सी’ इमारतीत वर्गांच्या भिंती फोडून एका वर्गातून दुसऱ्यात जायला वाटा केल्या आहेत आणि वर्गात विटांच्या आडभिंती घालून जेमतेम माणूस आडवा होईल एवढ्या कोठड्या काढल्या आहेत. भिंती कशाही रचलेल्या, विटांमधून चुनासिमेंट बाहेर आलेले. गवंडीकाम माहीत नसलेल्यांनी घाईत केलेले काम उघड दिसते. वरच्या मजल्यावरच्या कोठड्या लाकडी फळ्यांच्या आहेत. व्हरांड्यांवर काटेरी तारेचे जाळे आहे, ते कैद्यांनी उडी घालून जीव देऊ नये म्हणून. मैदानात एक उंच लाकडी चौकट उभी आहे. मुलांच्या कसरतीसाठी उभारलेल्या या चौकटीला कैद्यांना उलटे टांगत आणि खालच्या रांजणातल्या घाण पाण्यात डोके बुडवून शुद्धीवर आणत.

संग्रहालयाचा गाभा मात्र ‘बी’ इमारतीतले फोटो. तुरुंगाच्या छायाचित्र विभागात न्हेम एन हा कोवळ्या वयाचा मुलगा होता. त्याला छायाचित्रणाच्या शिक्षणासाठी चीनला पाठवले होते. डोळ्यांवरची पट्टी काढली की समोर कॅमेरा, अशा क्षणी हे फोटो काढलेले आहेत. त्यामुळे पुष्कळ चेहऱ्यांवर भीतीच्या आधी गोंधळ दिसतो. कुणी चक्क हसतो आहे. एका फोटोत तान्हे बाळ घेऊन बसलेली बाई आहे. अंगात सदरा नसलेल्या एका मुलाच्या छातीवर आकड्याची चिठ्ठी आहे आणि तिची टाचणी थेट कातडीतून घातलेली आहे. चिठ्ठ्यांवरचे आकडे रोज नव्याने सुरू होत, आणि १९७९ च्या गडबडीत निगेटिव्ह व फाइली एकमेकींपासून सुटल्या. म्हणून हजारो चेहऱ्यांना आज नाव नाही आणि हजारो नावांना चेहरा नाही. १९९० च्या दशकात दोन अमेरिकी छायाचित्रकारांनी सुमारे ६,००० निगेटिव्ह स्वच्छ करून छापल्या. त्यांतल्या निवडक फोटोंचे प्रदर्शन १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरले, तेव्हा मृत्यूच्या दारात काढलेले हे फोटो कलाकृती म्हणून टांगावेत का, यावर वाद झाला. २०२१ मध्ये एका आयरिश कलाकाराने यांतले काही फोटो रंगवले आणि काही चेहऱ्यांवर हसू बसवले. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने जाहीर निषेध केला आणि प्रसिद्ध करणाऱ्या माध्यमाला ते काढून घ्यावे लागले. निषेध योग्यच होता. फोटो मारेकऱ्याने काढलेला असला तरी त्यातल्या माणसाचा तो शेवटचा पुरावा आहे. त्यात फेरफार करण्याचा हक्क कुणालाच नाही.

येथील जवळजवळ सारी सामग्री मारणाऱ्यांच्या दप्तरातली आहे, हे भान प्रेक्षकाने सोडू नये. फोटो त्यांचे, कबुलीजबाब त्यांनी वदवलेले, याद्या त्यांच्या. त्या कागदांतून एखादे माणूस खरोखर वर येते ते क्वचितच. हूत बोफाना ही तरुणी अशांपैकी एक. पूर्वी भिक्षू असलेला तिचा नवरा ली सिथा ख्मेर रूजमध्ये होता. १९७६ मध्ये आधी त्याला व नंतर तिला अटक झाली आणि १८ मार्च १९७७ रोजी दोघांना मारण्यात आले. वियोगाच्या काळात तिने त्याला लिहिलेली प्रेमपत्रे पुरावा म्हणून फाइलीला जोडली गेली आणि त्यामुळेच टिकली. त्या पत्रांखाली ती स्वतःला सीता म्हणवते. ख्मेर रामायणातली, ‘रामकेर’मधली सीता. अमेरिकी पत्रकार एलिझाबेथ बेकर हिने ती कथा प्रथम जगापुढे आणली, चित्रपटकार रिथी पान्ह याने १९९६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, आणि नॉम पेन्हमधील दृक्श्राव्य अभिलेखागाराला आज तिचेच नाव आहे.

‘डी’ इमारतीत छळाची साधने आणि व्हान नाथ याची चित्रे आहेत. हा चित्रकार पोल पॉटची चित्रे काढण्यासाठी जिवंत ठेवला गेला आणि सुटल्यावर त्याने डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले रंगवले. कलागुणांसाठी ही चित्रे पाहू नयेत. तुरुंगाच्या दप्तरात नसलेली बाजू त्यांत आहे, हे त्यांचे मोल. रिथी पान्हच्या २००३ मधील माहितीपटात व्हान नाथ आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच खोल्यांत प्रश्न विचारतो. तो २०११ मध्ये वारला. यंत्रे दुरुस्त करता येत म्हणून वाचलेला चुम मेय आणि चित्रकार बू मेंग हे दोघे कित्येक वर्षे आवारात आपल्या आठवणींची पुस्तके घेऊन बसत आणि येणाऱ्यांशी बोलत.

संग्रहालयाची स्थापनाही राजकारणापासून अलिप्त नव्हती. व्हिएतनामने बसवलेल्या नव्या सरकारला जगापुढे आपली बाजू मांडायची होती. मांडणीचे काम हो चि मिन्ह शहरातील युद्धसंग्रहालय उभारणाऱ्या माय लाम या व्हिएतनामी कर्नलकडे आले आणि १९८० पासून संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३०० कवट्या जोडून केलेला कंबोडियाचा नकाशा ही माय लामची कल्पना. तो दोन दशके भिंतीवर होता. मृतांच्या अस्थींवर संस्कार व्हायला हवेत असे मानणाऱ्या बौद्ध समाजाला तो खुपत होता. २००२ मध्ये तो उतरवला, हे बरे झाले. शीतयुद्धाच्या हिशेबात संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा १९७९ नंतरही ख्मेर रूजच्या बाजूकडेच राहिली, हे आज वाचताना खरे वाटत नाही. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. अंगकोर वाट येथे भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ दरम्यान केलेले जतनकार्य याच संबंधांतून आले.

नावातील ‘वंशसंहार’ या शब्दाबाबत कायद्याची एक अडचण आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्येच त्यात बसतात. एस-२१ मधील बहुसंख्य बळी ख्मेरच होते आणि मारणारेही ख्मेर. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या न्यायालयाने डुचला मानवतेविरुद्धचे गुन्हे व युद्धगुन्हे यांसाठी दोषी ठरवले. २०१० मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली, आणि २०२० मध्ये तो कैदेतच मेला. वंशसंहाराचा ठपका आला तो नोव्हेंबर २०१८ मध्ये, नुऑन चेया व खियू साम्फान या वरिष्ठ नेत्यांवर: व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत दोघांवर, चाम मुसलमानांच्या बाबतीत फक्त नुऑन चेयावर. पोल पॉट १९९८ मध्येच मरण पावल्याने या न्यायालयापुढे कधी उभाच राहिला नाही.

येथील कागदपत्रांचा समावेश २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत झाला. २०१५ मध्ये आवारात नवा स्तूप आणि काळ्या दगडावर १२,००० हून अधिक बळींची नावे कोरलेले स्मारक उभे राहिले. आकडे लावलेल्या माणसांना नावे परत देणारे हे स्मारक म्हणजे संग्रहालयाच्या चाळीस वर्षांतली सर्वांत शहाणी भर होय. जुलै २०२५ मध्ये तुओल स्लेंग, चेउंग एक आणि काम्पाँग छ्नांग प्रांतातील आधीचा तुरुंग एम-१३ ही तिन्ही स्थळे मिळून जागतिक वारसा यादीत गेली. २० मे हा कंबोडियात स्मरणदिन म्हणून पाळला जातो.

भारतातून जाणारे बहुतेक पर्यटक सिएम रीपला उतरतात, अंगकोर पाहतात आणि परततात. कंबोडिया समजून घ्यायचा असेल तर नॉम पेन्हसाठी निदान एक पूर्ण दिवस काढावा. सकाळी तुओल स्लेंग आणि दुपारी चेउंग एक हा क्रम सोयीचा पडतो. ध्वनिमार्गदर्शकाचे वेगळे पैसे पडतात, पण तो घ्यावाच, कारण दालनांतील मजकूर अपुरा आहे. अंगभर कपडे घालावेत, मोठ्याने बोलू नये, दालनांत फोटो काढण्यास मनाई आहे. हसण्याचीही मनाई सांगणारी पाटी जागोजागी आहे. लहान मुलांना येथे नेऊ नये.